मुल्की : उस्मानियाची पदवी आणि नोकरीचा लढा

औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली निघाले. त्यापूर्वी मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांतील मुलाला पदवी हवी असेल तर ती बहुधा हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचीच असे. म्हणून त्या विद्यापीठातील विद्यार्थी चळवळींचा इतिहास आपल्याला परका नाही. १९५२, १९६९ आणि २००९ या तिन्ही वेळी तेथील विद्यार्थी रस्त्यावर उतरले. घोषणा बदलल्या, पण शिकलेल्या मुलाला नोकरी कोठे, हा प्रश्न तिन्ही वेळी होताच.

उस्मानिया १९१८ साली स्थापन झाले. उच्च शिक्षण हिंदुस्थानी भाषेतून, म्हणजे उर्दूतून देण्याचा तो धाडसी प्रयोग होता. पाठ्यपुस्तके तयार करण्यासाठी भाषांतर विभाग काढण्यात आला. वैद्यक व इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूतून शिकविले गेले. राज्याचा कारभार उर्दूत असल्याने या पदवीला किंमत होती. शिवाय १९१९ चे मुल्की नियम होतेच. ‘मुल्की’ म्हणजे याच मुलखाचा. सरकारी नोकरी राज्यात जन्मलेल्याला, किंवा पंधरा वर्षे येथे राहून परत न जाण्याचे प्रतिज्ञापत्र देणाऱ्याला. पदवी आणि नोकरी यांची अशी सांगड दरबाराने घालून दिली होती.

ती सांगड १९४८ नंतर तुटली. पोलीस कारवाईनंतर हैदराबाद भारतात विलीन झाले, विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी झाले आणि कचेऱ्यांत बाहेरच्या प्रांतांतून इंग्रजी जाणणारे नोकर आले. काल जे प्रमाणपत्र दार उघडीत होते तेच आज अडचणीचे ठरू लागले. उर्दूतून शिकलेल्या तरुणाची बुद्धी काही रातोरात कमी झाली नव्हती. कचेरीची भाषा मात्र बदलली होती. हे दुःख एकट्या मुसलमानांचे नव्हते. त्याच वर्गांतून शिकलेले तेलुगू, मराठी व कानडी हिंदू तरुणही त्यात सापडले. बनावट मुल्की दाखल्यांच्या तक्रारी वाढल्या. १९५२ च्या पावसाळ्यात वरंगळमध्ये बाहेरच्या शिक्षकांच्या नेमणुकांवरून विद्यार्थ्यांनी आंदोलन सुरू केले. ‘नॉन-मुल्की गो बॅक’ ही घोषणा हैदराबादेस पोहोचली आणि सप्टेंबरच्या आरंभी सिटी कॉलेजच्या परिसरात गोळीबार होऊन माणसे मेली. चौकशीचे काम न्यायमूर्ती पिंगळी जगनमोहन रेड्डी यांच्याकडे आले.

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आपला या भांडणाशी संबंध संपला. तेलंगण मात्र आंध्रास जोडले गेले. नोकऱ्यांत स्थानिकांचा वाटा राखण्याचे वचन जोडतानाच दिले होते. ते पाळले गेले नाही, ही तक्रार बारा वर्षे साचत राहिली. जानेवारी १९६९ मध्ये ती फुटली. बाहेरच्या नोकरांना परत पाठविण्याचा हुकूम सरकारने काढला. पण मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यामागची कायद्याची तरतूदच रद्द ठरविली आणि चळवळ वेगळ्या राज्याच्या मागणीकडे वळली. बळींचा आकडा चळवळीतले लोक ३६९ सांगतात. सरकारी आकडा त्याहून पुष्कळ कमी आहे. त्या गोंधळात परीक्षा लांबल्या आणि शिक्षण खोळंबले, ते वेगळेच. पुढाऱ्यांचे काय झाले? तेलंगण प्रजा समितीने १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत दहा जागा जिंकल्या आणि त्याच वर्षी ती काँग्रेसमध्ये विलीन झाली. विद्यार्थ्यांच्या हाती काय आले, हे पालकांनी विचारावे असा तो प्रसंग होता.

ऑक्टोबर १९७२ मध्ये त्याच न्यायालयाने मुल्की नियम वैध ठरविले. आता उलट बाजूने, आंध्र भागात, वणवा पेटला. त्या वेळचे मुख्यमंत्री पी. व्ही. नरसिंह राव यांना त्यात पद सोडावे लागले. पुढे मुल्की नियम गेले. त्यांच्या जागी १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने विभागवार स्थानिक नोकऱ्या आल्या. त्याही मोडल्या गेल्या. नियम डावलून भरलेल्या जागा अधिकाऱ्यांच्या समितीने मोजल्या तेव्हा त्या जवळजवळ ५९ हजार निघाल्या, आणि १९८५ अखेर सरकारला ‘६१०’ क्रमांकाचा हुकूम काढावा लागला.

तक्रार खरी होती, यात मला शंका वाटत नाही. परंतु इतक्या वर्षांत भांडण राहिले ते सरकारी खुर्चीपुरतेच. कारखान्यात, व्यापारात, प्रयोगशाळेत या पदवीधराला कोण विचारतो, हा प्रश्न कोणत्याही मोर्च्याच्या फलकावर ठळकपणे आला नाही.

२००९ मध्ये उस्मानियाचे आवार पुन्हा पेटले. पाणी, निधी आणि नेमणुका या तीन शब्दांवर चळवळ उभी होती. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले. २०२२ साली त्या राज्याच्या लोकसेवा आयोगाने ‘ग्रुप वन’च्या ५०३ जागा जाहीर केल्या, तेव्हा सुमारे ३ लाख ८० हजार अर्ज आले. प्रश्नपत्रिका फुटल्यामुळे पूर्वपरीक्षा मार्च २०२३ मध्ये रद्द झाली. जूनमध्ये ती पुन्हा घेतली, तर सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयाने तीही रद्द केली.