मेनू कुठे गेला?

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, "भाऊ, जुन्या मशीनवर लिनक्स टाकू का?" टाका की. चालतं मशीन भंगारात घालण्यापेक्षा कधीही बरं. पण त्याआधी उस्मानपुऱ्यातल्या एका टायपिंगच्या दुकानाची, म्हणजे माझ्याच दुकानाची, हकीकत ऐका. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचं काम कोर्टाचं. खालच्या कोर्टातले जबाब, पंचनामे मराठीत असतात. प्रकरण खंडपीठात गेलं की त्यांचं इंग्रजी भाषांतर लागतं. त्यामुळे दुकानात दिवसभर दोन्ही भाषा. २००९ च्या सुमारास पेनड्राइव्हमधल्या व्हायरसनं जेरीस आणलं होतं. वकिलांचा ज्युनियर पेनड्राइव्ह लावायचा आणि संध्याकाळपर्यंत सगळी मशीन आडवी. त्या काळात उबुंटूची सीडी पोस्टानं घरपोच फुकट यायची, टपालखर्चसुद्धा नाही (ही सोय २०११ मध्ये बंद झाली). स्टेशन रोडच्या तंत्रनिकेतनातल्या एका पोरानं त्याची सीडी आणून दिली आणि आम्ही लिनक्सवर गेलो.

आता एक गोष्ट समजून घ्या. विंडोजमध्ये घर आणि घरातली मांडणी एकत्रच मिळते. लिनक्समध्ये मांडणी वेगळी निवडता येते. मेनू कुठे, पट्टी वर की खाली, विंडो कशी बंद करायची, हे सगळं ठरवणारा भाग म्हणजे 'डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट'. स्वयंपाकघर तेच, पण मिठाची बरणी कुठल्या फळीवर ते हा ठरवतो. आणि अंधारातही हात मिठापर्यंत जातो, तो फक्त सवयीनं.

ही मांडणी दोन झाली ती भांडणातून. १९९६ मध्ये जर्मनीच्या मथियास एट्रिशनं केडीई सुरू केलं. पण ते ज्या क्यूटी नावाच्या साधनावर उभं होतं, त्याचा परवाना तेव्हा पुरता मुक्त नव्हता. म्हणून १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल द इकाझा आणि फेडेरिको मेना यांनी ग्नोम काढलं. २००० मध्ये क्यूटीचा परवाना सुधारला, भांडणाचं कारण संपलं, पण तोवर दोन चुली झाल्या होत्या. भाऊबंदकी आपल्याकडेच असते असं नाही.

२००२ मध्ये ग्नोम २ आलं आणि जवळपास नऊ वर्षं टिकलं. वर एक पट्टी, खाली एक पट्टी, डावीकडे मेनू. पुण्यातल्या रेड हॅटच्या लोकांनी त्याचं बरंचसं मराठी केलं, लोहित फॉन्टवरही तिथेच काम झालं. आमच्याकडे टायपिंगला असलेल्या मावशी मूळच्या गोदरेजच्या टाइपरायटरवरच्या. रेमिंग्टनची सवय मोडून त्यांनी इन्स्क्रिप्ट शिकून घेतलं, पन्नाशीत. मराठी-इंग्रजी बदलायला आम्ही उजवं ऑल्ट लावलं होतं. एक अंगठा, काम फत्ते.

मग आला एप्रिल २०११. एकाच महिन्यात ग्नोम ३ आलं आणि उबुंटूनं स्वतःचं युनिटी पुढे केलं. जुना मेनू दोन्हीकडून गायब. ग्नोम ३ मध्ये विंडो लहान करायचं बटणच दिसेना. युनिटीत प्रत्येक प्रोग्रामचा मेनू पडद्याच्या वरच्या काठाला गेला, आणि तोही माउस तिथे नेल्याशिवाय दिसेना. आयपॅड नुकताच आला होता, उद्या सगळे बोटानं पडदा ढकलणार असं सगळ्यांनाच वाटत होतं. (मायक्रोसॉफ्टनं २०१२ मध्ये स्टार्ट बटण काढलं, ते याच वाऱ्यात. वर्षभरानं परत आणलं.) खुद्द लिनस टॉरवाल्ड्स ग्नोम ३ वर चिडून काही काळ एक्सएफसीईवर गेला. त्याआधी २०१० मध्ये उबुंटूनं विंडोची बटणं उजवीकडून डावीकडे नेली, तेव्हा आरडाओरडा झाला होता. संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी स्पष्टच सांगितलं, मतं कळवा, पण डिझाइनचे निर्णय मतदानानं होत नाहीत.

मला तेव्हा फार राग आला होता. आणि मी काय केलं? उबुंटू १०.०४ ची मुदत २०१३ मध्ये संपली होती, ते वर्षभर रेटलं आणि २०१४ च्या उन्हाळ्यात एका रात्री सगळ्या मशीनवर १४.०४ टाकून घरी गेलो. मावशींना विचारलं नाही. सांगितलंही नाही.

सकाळी मावशींचा पहिला प्रश्न, "मेनू कुठे गेला?" तो सापडला. खरं दुखणं पुढे होतं. भाषा बदलायचं बटण आता विंडोजचं चिन्ह आणि स्पेस असं झालं होतं. पण युनिटीत तेच चिन्हाचं बटण नुसतं दाबलं की डॅश, म्हणजे शोधाची खिडकी, उघडते. बोट जरा आधी सुटलं की डॅश उघडायचा आणि पंचनाम्यातलं पुढचं वाक्य त्या खिडकीत उमटायचं. २०१२ पासून या डॅशमधले शब्द कंपनीच्या सर्व्हरमार्फत ॲमेझॉनपर्यंत जात होते, रिचर्ड स्टॉलमननं याला उघड हेरगिरी म्हटलं होतं. आरोपीचं नाव, पीडितेचा पत्ता शोधखिडकीत! ती सोय मी आदल्या रात्रीच बंद केली होती, एवढं एक शहाणपण. १६.०४ पासून ती मुळातच बंद असायची.

तीस पानांचं काम त्या दिवशी रात्री नऊला संपलं. जाताना मावशी एवढंच म्हणाल्या, "मला आधी सांगायचं होतंस रे." शटलवर्थला नावं ठेवण्याचा माझा हक्क तिथेच संपला.

सुटका झाली ती अर्जेंटिनातून. पेरबेरोस या टोपणनावाच्या एका माणसानं २०११ मध्येच ग्नोम २ चा जुना कोड उचलून पुढे चालवायला घेतला होता. तिकडच्या एका पेयाच्या वनस्पतीवरून नाव ठेवलं माते. (आपल्या कानाला आरती सुरू झाल्यासारखं वाटतं.) आम्ही २०१५ मध्ये त्यावर गेलो. काही मेनू मराठीत, काही इंग्रजीत, अक्षरं सुरुवातीला बारीक, पण पट्ट्या जागेवर आणि उजवं ऑल्ट परत. विंडोज ८ वाल्यांना कंपनीच्या मर्जीची वाट पाहावी लागली, आम्हाला नाही लागली. फरक परवान्याचा. पण हेही खरं, की मला कोडची एक ओळ येत नाही. कुणा परक्यालाही तेच दुखत होतं म्हणून आम्ही वाचलो.

माझं दुकान सोडा. ई-कोर्ट प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला. देशभरच्या न्यायालयांत लिनक्स आलं, पुढे उबुंटू. खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस प्रणाली पुण्याच्या एनआयसीनं बनवली. न्यायाधीश आणि कर्मचाऱ्यांना उबुंटू शिकवायला खास मास्टर ट्रेनर तयार केले. मार्च २०१५ मध्ये केंद्रानं ओपन सोर्सचं धोरणही काढलं. चांगलंच झालं, परवान्याचे पैसे वाचले. पण एप्रिल २०१७ मध्ये उबुंटूनं युनिटी गुंडाळायचं जाहीर केलं आणि १८.०४ पुन्हा ग्नोमवर, त्या नव्या ग्नोमवर, आलं. म्हणजे १०.०४ ते १८.०४, आठ वर्षांत तीन मांडण्या. परवान्याची रक्कम निविदेत दिसते. स्टेनोच्या बोटांना पुन्हा शिकायला लागलेले दिवस कुठल्या रकान्यात लिहितात? विंडोजवाल्या कार्यालयांतही लिहीत नाहीत म्हणा.

गेल्या आठवड्यात शेजारचा झेरॉक्सवाला आला. त्याची दोन मशीन, दोन्ही विंडोज १०. विचारलं, मशीनवर बसतं कोण? म्हणाला, वहिनी. म्हटलं, मग वहिनींना पाठव. त्या आल्या, पेनड्राइव्हवरून माते चालू करून दिलं, हार्डडिस्कला हात लावला नाही. दोन तास बसल्या, एक अर्ज टाइप केला, प्रिंट काढली. त्यांच्या हाताला ऑल्ट-शिफ्ट बसलेलं होतं, तेच लावून दिलं. फाईल सेव्ह केल्यावर कुठे जाते, हे तीनदा विचारलं, तीनदा दाखवलं. रविवारी टाकतोय.