वर्गांत आलेला वकील

कायद्याचें अज्ञान हा बचाव होऊं शकत नाहीं, हें तत्त्व न्यायालयें फार जुन्या काळापासून मानीत आलीं आहेत. शेतकरी असो, मजूर असो कीं नववीच्या वर्गांतील मुलगी असो, देशाचे सर्व कायदे त्यांना ठाऊक आहेत असें गृहीत धरूनच निवाडा होतो. परंतु हे कायदे लोकांना सांगावयाचे कोणीं, हा प्रश्न दीर्घ काळ कोणाला पडलाच नाहीं. बुलढाणा जिल्ह्यांतील शाळांत वकील येऊन मुलांना कायदा समजावून सांगतात, ही गोष्ट आज नवलाची राहिलेली नाहीं. ती येथवर येण्यास किती काळ लागला, हें मात्र पाहण्यासारखें आहे.

वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहानें निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. मालकी नांवाला निजामाचीच राहिली. त्यामुळें ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथें आपोआप लागू होत नसत, ते स्वतंत्र हुकुमानें लागू करावे लागत. आपल्यावर कोणता कायदा चालतो हें रयतेला कळणें सर्वत्रच कठीण. येथें तर तें वकिलालाही तपासून पाहावें लागे. १९०५ सालीं खामगांव व जळगांव हे तालुके अकोल्याकडून बुलढाण्याकडे आले आणि जिल्ह्यांतला घाटाखालचा मुलूख वाढला. कोर्टाची भाषा मात्र घाटावर आणि घाटाखालीं एकच होती. फिर्याद, कैफियत, जबानी, जामीन, दस्तऐवज हे शब्द शेतकऱ्याच्या तोंडीं पक्के बसले होते. ‘तारीख’ म्हणजे पंचांगांतला दिवस नव्हे, तर तालुक्याच्या गांवीं मारावा लागणारा फुकटचा हेलपाटा, हें घरांतल्या लहान पोरालाही कळे. शब्द ठाऊक आणि कायदा ठाऊक नाहीं, अशी ही विचित्र स्थिति होती.

कायद्याचें अध्यापन त्या काळीं नव्हतें असें नाहीं. लोकमान्य टिळकांनीं पुण्यास वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठीं वर्ग चालविला, डॉ. आंबेडकर १९३५ सालीं मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. पण हे वर्ग वकील होऊं इच्छिणाऱ्यांचे. वऱ्हाडांत दादासाहेब खापर्डे, बापूजी अणे यांच्यासारख्या वकिलांनीं सभा गाजविल्या. शाळेच्या वाट्याला मात्र नागरिकशास्त्राचें पुस्तक आणि तें वाचून दाखविणारे मास्तर, एवढेंच आलें.

ही उणीव कोठें बोचत होती, तें एका कायद्यावरून चांगलें दिसतें. बालविवाहास आळा घालणारा कायदा १ एप्रिल १९३० पासून अंमलांत आला. हरविलास सारडा यांच्या नांवानें तो ओळखला जाई. मराठी माणसानें त्याला ‘शारदा कायदा’ करून टाकलें. देवलांच्या नाटकांतली शारदा १८९९ पासून त्याच्या ओळखीची होती, तेव्हां तें नांव कानाला परकें वाटण्याचें कारण नव्हतें. मुलीचें वय १४ व मुलाचें १८ ही मर्यादा या कायद्यानें घातली. परंतु तक्रार करणाऱ्याकडून १०० रुपयांपर्यंतचा जातमुचलका घेण्याची तरतूदही मूळ कायद्यांत होती. जिचें लग्न व्हावयाचें, तिला हें सांगणार कोण? आणि सांगितलें तरी ती जातमुचलका कोणाच्या जोरावर लिहून देणार! कायदा तिच्या भल्याचा खरा, पण तो तिनें वापरावा अशी कल्पनाच कोणीं केलेली नव्हती. वयाची मर्यादा पुढें वाढत गेली. मुलीसाठीं ती १९४९ सालीं १५ झाली; १९७८ सालीं मुलीसाठीं १८ आणि मुलासाठीं २१ झाली. वाढलेला आंकडा मुलीच्या कानांवर घालण्याची सोय मात्र झाली नाहीं.

१९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें गरिबांना मोफत कायदेविषयक मदत देण्याचें तत्त्व राज्यघटनेंत आलें. त्यावरून संसदेनें १९८७ सालीं विधि सेवा प्राधिकरण कायदा केला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अंमलांत आला. लोकांत कायद्याचें ज्ञान पसरविणें हें या कायद्यानें सरकारी यंत्रणेचें कर्तव्य ठरविलें. अमेरिकेंत जॉर्जटाऊन विद्यापीठांतले कायद्याचे विद्यार्थी १९७२ पासून वॉशिंग्टनच्या हायस्कुलांत शिकवावयास जाऊं लागले होते. तिकडे तें एका विद्यापीठाचें काम होतें. इकडे तें कायद्यानेंच लादलेलें काम झालें. जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश, तालुक्याला वेगळी समिति, आणि तिच्या यादींतले वकील शाळेकडे निघाले. वकिलानें कामासाठीं जाहिरात करूं नये असा त्याच्या धंद्याचा नियम आहे. म्हणून वर्गांत शिरतांना त्याला अशील शोधण्याची संवय दाराबाहेर ठेवावी लागते.

सत्कार, हारतुरे आणि अध्यक्षीय समारोप यांत पुष्कळ वेळ जातो, हें अशा समारंभांचें जुनें दुखणें. दुसरें दुखणें कलमांच्या आंकड्यांचें. मुलें तीं वहींत उतरवून घेतात आणि विसरतात. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचें कलम ४२० चें ३१८ झालें. बोलण्यांतला ‘चारसोबीस’ मात्र अजून चारसोबीसच आहे. आंकड्यापेक्षां ‘जावें कोणाकडे’ हें मुलांना सांगणें अधिक उपयोगाचें.

२००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा येथें कामास येतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकीं २१.९ टक्के स्त्रियांचीं लग्नें अठराव्या वर्षाच्या आंत झालेलीं आढळलीं. म्हणजे सिंदखेडराजाकडील असो कीं सातपुड्याच्या पायथ्याचा संग्रामपूर असो, वर्गांतल्या एखाद्या मुलीला हा विषय पुस्तकांतला नव्हे, घरांतला असूं शकतो. तिची तक्रार जन्मदात्या बापाविरुद्ध असते. नुसत्या माहितीनें तेवढें बळ येत नाहीं. महाराष्ट्रांत गांवपातळीवर हे विवाह थांबविण्याचें काम ग्रामसेवकाकडे सोपविलें गेलें. पण लग्नाची पत्रिका बहुधा त्यालाही आलेली असते. म्हणून १०९८ हा फोन क्रमांक सांगावा लागतो, दंडाधिकारी असें लग्न मनाई हुकुमानें थांबवूं शकतो हेंही सांगावें लागतें. स्त्रिया व मुलें यांना उत्पन्न न पाहतां सरकारी खर्चानें वकील मिळतो, ही गोष्ट तर वकिलानेंच सांगितलेली बरी.

आणखी एक तरतूद आहे. लग्न होऊन गेलें तरी सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आंत, म्हणजे वयाचीं २० वर्षें पूर्ण होईपर्यंत, मुलीला तें न्यायालयाकडून रद्द करून घेतां येतें. नववींत ऐकलेली ही गोष्ट तिला पांच वर्षें लक्षांत ठेवावयाची असते, आणि वकिलाचा तास वर्षांतून एखादाच.