जाल-अधिविश्लेषण, वैद्यकातील
एकाच रोगावरील तीन किंवा अधिक उपचारांच्या परीक्षणांचे निष्कर्ष एकत्र आणून त्या सर्वांची परस्परांशी तुलना करण्याची सांख्यिकीय पद्धत. उपचार हे बिंदू आणि त्यांची तुलना करणारी परीक्षणे या त्यांना जोडणाऱ्या रेषा मानल्यास जे जाळे तयार होते, त्यावरून हे नाव पडले.

अनेक उपचार एकाच वेळी पारखण्याची कल्पना जुनी आहे. स्कॉटिश नौदल-वैद्य जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये ‘सॉल्सबरी’ जहाजावरील स्कर्व्हीग्रस्त १२ खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीस निराळा उपचार दिला. संत्री व लिंबे मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली. ब्रिटनमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनाच्या परीक्षणाचा वृत्तांत १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १०७ रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी केली होती. पुढे हीच पद्धत प्रमाणभूत ठरली.

विखुरलेल्या निष्कर्षांची बेरीज करण्याचा प्रयत्न कार्ल पिअर्सन यांनी १९०४ मध्ये विषमज्वराच्या लशीसंबंधी केला. या पद्धतीस अधिविश्लेषण हे नाव जीन ग्लास यांनी १९७६ मध्ये दिले. परंतु ती एका वेळी दोनच उपचारांपुरती मर्यादित होती. नवी औषधे बहुधा छद्मौषधाशी, म्हणजे औषधी गुण नसलेल्या पण तशाच दिसणाऱ्या गोळीशी, ताडून पाहिली जात. प्रतिस्पर्धी औषधांशी त्यांची तुलना क्वचितच होई. त्यामुळे कोणते औषध निवडावे, हा वैद्याचा खरा प्रश्न अनुत्तरित राही.

हायनर बुखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अप्रत्यक्ष तुलनेची रीत मांडली. ‘अ’ व ‘ब’ हे दोन्ही उपचार ‘क’शी ताडलेले असल्यास त्या दोन फरकांवरून ‘अ’ आणि ‘ब’ यांच्यातील फरक काढता येतो. एचआयव्हीबाधितांमधील न्यूमोनियाच्या प्रतिबंधक औषधांना ही रीत लावली असता अप्रत्यक्ष तुलनेतून दिसलेला फरक प्रत्यक्ष तुलनेतील फरकापेक्षा मोठा निघाला. पद्धतीचे सामर्थ्य व धोका असे एकदमच प्रकट झाले. टॉमस लम्ली यांनी २००२ मध्ये जाळ्यातील विसंगती मोजण्याचा मार्ग दाखविला, तर लू व एड्स यांनी २००४ मध्ये प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष पुरावा एकत्र करणारी बेजीय प्रतिकृती मांडली.

पद्धतीचा आधार एकच आहे : निरनिराळ्या परीक्षणांतील रुग्ण, रोगाची तीव्रता व औषधमात्रा निष्कर्षावर परिणाम होण्याइतकी भिन्न नसावीत. एका औषधाची परीक्षणे सौम्य रुग्णांवर व दुसऱ्याची तीव्र रुग्णांवर झाली असल्यास दिसणारा फरक औषधांचा नसून रुग्णांचा असू शकतो. उपचारांचा केवळ क्रम लावल्यास अत्यल्प फरकही मोठा भासतो. २०१८ मध्ये नैराश्यावरील २१ औषधांच्या ५२२ परीक्षणांचे (१,१६,४७७ रुग्ण) विश्लेषण प्रसिद्ध झाले. सर्व औषधे छद्मौषधापेक्षा प्रभावी ठरली. तथापि पुराव्याची विश्वसनीयता मध्यम ते अत्यल्प असल्याचे संशोधकांनी नमूद केले. म्हणून अशा क्रमासोबत त्यामागील पुराव्याची प्रत तपासणे आवश्यक असते.