चुलीपाशी टिकलेले धन

‘आम्हांला काय गिनीपिग समजलात?’ असे आपण रागाने म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे प्रयोगशाळेतला पिंजरा असतो. वस्तुतः या बापड्या जिवाचे गिनी देशाशी नाते नाही आणि डुकराशी तर नाहीच नाही. त्याचे माहेर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत. तेथे तो शेकडो पिढ्या स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेला, मांसासाठी पाळला गेला. त्याचे तिकडचे नाव ‘कुई’. ते त्याच्या ओरडण्यावरूनच पडले म्हणतात. आमच्या शाकाहारी वाचकांनी क्षणभर नाक मुरडले तरी चालेल. ही कथा रुचीची नाही, तग धरण्याची आहे.

इंकांचे राज्य मोठे शिस्तीचे. लामांचे मोठमोठे कळप राजाचे अथवा देवाचे. त्यांची मोजदाद गाठी मारलेल्या दोऱ्यांवर होई. कुई मात्र घराची. भाजीची देठे, मक्याची पाने, मूठभर गवत, एवढ्यावर तिचे भागे. सुमारे सव्वादोन महिन्यांनी ती विते. दोन-चार पिले जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. मोठे जनावर मारले की मांस टिकवण्याची चिंता. ही एका जेवणापुरती. सणाला, पाहुण्याला, देवाच्या नैवेद्याला तीच. तिची निगा बहुधा घरच्या बायकांकडे.

१५३२ साली काहामार्का येथे पिझारोने इंका राजा आताउआल्पा याला कैद केले. राजाने सुटकेसाठी खोलीभर सोने देऊ केले. सोने आले, वितळवले गेले. आणि १५३३ मध्ये राजालाही ठार मारण्यात आले. पुढे लामांच्या कळपांचीही वाताहत झाली. चुलीमागची कुई मात्र राहिली. तिला ना कुरण लागे, ना राजाश्रय. इतकेच नव्हे, तर जेत्यांनी आणलेला लसूणघासही तिच्या मुखी लागला.

कुस्को येथील मुख्य चर्चमध्ये मार्कोस सापाता या चित्रकाराचे येशूच्या शेवटच्या भोजनाचे चित्र आहे. ते १७५३ च्या सुमाराचे. त्यात मधल्या ताटात जो भाजलेला प्राणी दिसतो, तो कुईच मानला जातो. जेत्यांचा धर्म आला, पण ताट घरचेच राहिले!

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेरूच्या संशोधकांनी कुईचे वजनदार वाण तयार केले. आज तेथे ऑक्टोबरातील दुसरा शुक्रवार ‘राष्ट्रीय कुई दिन’ म्हणून पाळतात.

साम्राज्यांचा इतिहास लिहिताना आपण खजिने आणि लढाया मोजतो. पण राज्य बुडाल्यावर दुसऱ्या दिवशीही मुलांना जेवू घालावे लागतेच. ते ज्या बायकांनी घातले, त्यांची नावे कुठल्याही बखरीत नाहीत; त्यांनी सांभाळलेले हे धन मात्र पाच शतकांनंतरही अँडीजमधल्या स्वयंपाकघरांत ‘कुई कुई’ करीत हिंडत आहे.