भाडेकरूसकट घर

मागच्या शनिवारी चिंचवडमधल्या एका हॉटेलात प्रॉपर्टी प्रदर्शन होतं, तिथे जाऊन आलो. सामोसे चांगले होते म्हणून दोन तास थांबलो. :) एका स्टॉलवर उत्तर इंग्लंडमधलं दोन बेडरूमचं घर विकायला होतं. फोटोखाली ठळक अक्षरांत लिहिलेलं: "भाडेकरू आत आहे, पहिल्या महिन्यापासून भाडं सुरू." स्टॉलवरचा मुलगा म्हणाला, "सर, घर बघायलासुद्धा जायला नको. सोमवारपर्यंत कळवा."

खोटं कशाला बोलू, मोह झाला. २००४ साली रिझर्व्ह बँकेने सामान्य माणसाला वर्षाला २५,००० डॉलर बाहेर पाठवायची मुभा दिली. २०१५ पासून ही मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. मधे ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया गडगडला तेव्हा ती ७५,००० वर आणली होती आणि या पैशातून परदेशात घर घ्यायलाच बंदी केली होती. ती पुढच्या वर्षी उठली. म्हणजे आज तरी घर घेता येतं.

घरी येऊन कायदे वाचत बसलो. रात्री दोनपर्यंत वाचलं आणि पोचलो थेट आमच्या आजोबांच्या वाड्यात.

बाबांच्या वडिलांनी १९५२ साली पुण्यात एका पेठेत सहा बिऱ्हाडांसकट वाडा घेतला. हिशोब तोच, स्टॉलवरच्या मुलाचा. दर महिन्याला सहा भाडी, म्हातारपणाची सोय. मालक बदलला म्हणून भाडेकरू जात नाही, तो नव्या मालकाचा भाडेकरू होतो, हे आपल्याकडे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यापासून आहे. आजोबांना हे माहीत होतं. वाड्यासोबत १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदाही आपण विकत घेतोय, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही.

या कायद्याचं मूळ गंमत म्हणजे स्कॉटलंडमध्ये आहे. पहिल्या महायुद्धात ग्लासगोच्या जहाजगोद्यांत आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगारांची रीघ लागली, खोल्या कमी पडल्या आणि मालकांनी भाडी वाढवली. पुरुष कामावर किंवा आघाडीवर, म्हणून लढा बायकांनी चालवला. मेरी बार्बर ही त्यांची पुढारी. १९१५ च्या नोव्हेंबरपर्यंत हजारो कुटुंबांनी वाढीव भाडं द्यायचं बंद केलं. सरकार घाबरलं आणि वर्ष संपायच्या आत कायदा करून भाडी युद्धाआधीच्या पातळीवर गोठवली. तीच कल्पना १९१८ मध्ये मुंबईत आली. दुसऱ्या महायुद्धात ती पुन्हा आली, आणि १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं हेच 'प्रमाण भाडं' धरलं. कायदा तात्पुरता होता. आपल्याकडे तात्पुरता पॅच प्रॉडक्शनमध्ये किती वर्षं राहतो हे मी तुम्हाला काय सांगू! मुदत वाढत वाढत पन्नास वर्षं गेली.

आजोबांना खालच्या दोन खोल्यांचे महिना नऊ रुपये मिळत. शेवटपर्यंत नऊच. कौलं शाकारायला त्याहून जास्त खर्च. म्हणून ती शाकारली गेली नाहीत, आणि वाडा गळत गळत १९९० च्या दशकात बिल्डरकडे गेला.

आता तुम्ही म्हणाल, कायदाच वाईट. थांबा. आईचे वडील दुसऱ्या पेठेतल्या अशाच एका वाड्यात भाडेकरू होते. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, तिथे त्यांना नोकरी लागली. पुण्याहून रोज सायकल मारत जायचे. चार मुलं त्या पगारात शिकली, कारण भाडं वाढत नव्हतं आणि उठ म्हणणारं कोणी नव्हतं. माझी आई त्यातली एक. एकाच कायद्याने एका आजोबांना बुडवलं आणि दुसऱ्यांना तारलं. दिवाळीला दोघं समोरासमोर आले की हा विषय कोणी काढत नसे.

पुढची गोष्ट कायद्याच्या आवृत्त्यांची आहे. कायदा चुकवायला मालकांनी 'लिव्ह अँड लायसन्स' काढलं: हा भाडेकरू नाहीच, फक्त राहायची परवानगी दिलेला माणूस. सरकारने १ फेब्रुवारी १९७३ रोजी घरात असलेल्या अशा लोकांना भाडेकरूच ठरवून टाकलं. मालक इतके हबकले की फ्लॅट रिकामा ठेवणं परवडलं. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की १९४० ला गोठवलेली भाडी आता अवाजवी झाली आहेत. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू. जुन्या भाडेकरूचं संरक्षण राहिलं, भाडं मात्र वर्षाला चार टक्के वाढवता येऊ लागलं. लायसन्सवाल्याने मुदत संपल्यावर घर सोडायचं, नाहीतर दुप्पट पैसे. हिंजवडीची नोकरी धरून वाकड, निगडीत राहणारे आपण सगळे या कलमाची लेकरं. ते नसतं तर आपल्याला फ्लॅट कोणी दिला असता?

तेव्हा 'भाडेकरू आत आहे' या वाक्याला तसा काही अर्थ नाही. विचारायचं ते हे, की कोणत्या सालचा भाडेकरू?

इंग्लंडमध्येही तेच. तिथे १५ जानेवारी १९८९ च्या आधीपासून राहणारा भाडेकरू जुन्या कायद्याने पक्का बसलेला असतो, म्हणून असं घर स्वस्तात विकलं जातं. त्यानंतरच्यांना काढणं सोपं झालं, १९९६ पासून भाड्याने द्यायच्या घरांसाठी खास कर्जं निघाली आणि नोकरदार मंडळी मालक झाली. आता लंबक परत फिरलाय. कारण न देता घर खाली करायला सांगायची मालकाची सोय काढून घेणारा कायदा २०२५ मध्ये तिथे संमत झाला. जर्मनीत तर 'विक्रीने भाडेकरार मोडत नाही' हा नियम १९०० पासूनच्या नागरी संहितेत आहे. घर स्वतःला राहायला हवं असेल तर तशी खरी गरज दाखवावी लागते.

आणि लांब कशाला, चाकणला जा. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी या गावांत रस्त्याच्या कडेने पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा दिसतील. मराठवाड्यातून, बिहारमधून आलेली पोरं एकेका खोलीत चार-चार. बऱ्याच ठिकाणी जमीन एमआयडीसीत गेलेला शेतकरीच मालक आहे. शेताच्या जागी त्याला खोल्यांचं पीक. अशा रांगाही 'सगळ्या भरलेल्या' म्हणून विकल्या जातात. करार बहुतेक तोंडी. ग्लासगोचं १९१५ आपल्यापासून किती लांब आहे, हे त्या पोरांपैकी कोणालातरी विचारायला हवं.

असो. सोमवारी त्या मुलाला फोन करून तीन गोष्टी मागितल्या: भाडेकराराची प्रत, बारा महिन्यांच्या भाड्याचा बँकेतला पुरावा, आणि भाडेकरूचं डिपॉझिट कोणत्या मान्यताप्राप्त योजनेत ठेवलंय त्याचा कागद. इंग्लंडमध्ये हे शेवटचं एप्रिल २००७ पासून सक्तीचं आहे. तो म्हणाला, "सर, इतकं कोणी विचारत नाही."

आमच्या आजोबांनीही विचारलं नव्हतं. कागद आले तर पुढचं लिहीन.