'पस्तीस' ऐकून मूल '५३' का लिहितं? काड्यांच्या गठ्ठ्यांतून स्थानिक किंमत कशी समजते?

पहिली-दुसरीतलं मूल १ ते १०० आकडे घडाघड म्हणून दाखवतं. पण 'पस्तीस लिही' म्हटलं की वहीत ५३ उमटतं. 'एकशे पाच' सांगितलं तर १००५ लिहिलं जातं. घरचे म्हणतात, लक्ष नाही. बऱ्याचदा अडचण लक्षाची नसतेच. मुलाला अजून स्थानिक किंमत कळलेली नसते.

स्थानिक किंमत म्हणजे काय?

३३ या संख्येत ३ हा अंक दोनदा आला आहे. दोन्हींची दर्शनी किंमत ३ आहे. पण डावीकडच्या ३ ची स्थानिक किंमत ३० आहे, कारण तो दशकाच्या घरात आहे. उजवीकडचा एककाच्या घरात आहे, म्हणून त्याची किंमत ३ च राहते. एक घर डावीकडे सरकलं की किंमत दहापट होते. शून्य ते नऊ या दहा अंकांत कितीही मोठी संख्या लिहिता येते, ती याच नियमामुळे.

मोठ्यांना हे सहज वाटतं, लहान मुलांना नाही. अमेरिकेतल्या शिक्षणतज्ज्ञ कॉन्स्टन्स कामी यांनी मुलांना १६ सोंगट्या मोजायला दिल्या. मग १६ मधल्या ६ म्हणजे कोणत्या सोंगट्या, असं विचारलं. मुलांनी सहा दाखवल्या. '१ म्हणजे कोणत्या?' असं विचारल्यावर मात्र अनेकांनी दहाऐवजी एकच सोंगटी दाखवली. त्यांना १६ लिहिता येत होतं, पण त्यातला १ म्हणजे दहा, हे ठाऊक नव्हतं.

मराठीत अडचण थोडी जास्त का?

'पस्तीस' म्हणताना आधी पाच ऐकू येतो, मग तीस. लिहिताना मात्र ३ आधी येतो. 'एकोणतीस' ऐकताना तीस कानावर पडतं, पण संख्या असते २९. कन्नड किंवा तेलुगूत दशक आधी बोलतात, त्यामुळे उच्चार आणि लेखन यांचा क्रम जुळतो.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असं संख्यावाचन आलं, तेव्हा याच मुद्द्यावर मोठा वाद झाला होता. ही पद्धत मुलांना सोपी जाते, अशी भूमिका गणित विषय समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मांडली होती. विरोधकांचं म्हणणं होतं की, यामुळे मराठी भाषेची मोडतोड होते.

काड्या नेमकं काय करतात?

समजा, मुलासमोर ३५ सुट्या काड्या आहेत. दहा मोजायच्या, रबर लावायचं, गठ्ठा बाजूला ठेवायचा. असे तीन गठ्ठे होतात आणि पाच काड्या सुट्या उरतात. कागदावर 'दशक' आणि 'एकक' अशी दोन घरं आखून गठ्ठ्यांखाली ३ आणि सुट्यांखाली ५ लिहायचं. आता ३ हा 'तीन गठ्ठे' म्हणून डोळ्यांना दिसतो. नाव कोणत्याही क्रमाने ऐकू आलं, तरी गठ्ठे डावीकडेच जातात.

खरा उपयोग वजाबाकीत कळतो. ५२ मधून ३८ वजा करताना बरीच मुलं २६ उत्तर काढतात. २ मधून ८ जात नाहीत, म्हणून ती ८ मधूनच २ वजा करतात. काड्या हातात असल्या की असं करता येत नाही. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या आहेत. आठ सुट्या द्यायच्या तर एक गठ्ठा सोडावाच लागतो. मग उरतात चार गठ्ठे आणि १२ सुट्या. त्यातून आठ काड्या आणि तीन गठ्ठे काढले की राहतात १४.

बेरजेत उलट घडतं. दहा सुट्या जमल्या की त्यांचा नवा गठ्ठा होतो. 'हातचा एक' म्हणतात तो हाच गठ्ठा.

कोणतं साहित्य आधी?

• काड्या, मणी, चिंचोके: मूल स्वतः दहाचा गट करतं आणि सोडतं. सुरुवात इथून करावी.

• दशकाचे दांडे आणि सुटे ठोकळे: दांडा दहा ठोकळ्यांएवढाच लांब असतो, पण तो सुटा होत नाही. दहा ठोकळे देऊन बदलून घ्यावा लागतो. मॉन्टेसरी पद्धतीतली सोनेरी मण्यांची माळ साधारण याच प्रकारात मोडते.

• खेळातल्या नोटा आणि नाणी: १० रुपयांची नोट १ रुपयाच्या दहा नाण्यांसारखी दिसत नाही. तिची किंमत मनात धरावी लागते. म्हणून हे नंतर.

कुठे चुकतं?

पहिली चूक म्हणजे मोठ्यांनी गठ्ठे आयते बांधून देणं. मग मूल 'गठ्ठा म्हणजे दहा' हे पाठ करतं, अनुभवत नाही. कामी यांचंही म्हणणं होतं की, दहाचं नातं वस्तूंत नसतं, ते मुलाला स्वतःच्या मनात तयार करावं लागतं. दुसरी चूक म्हणजे काड्या एकीकडे आणि वही दुसरीकडे ठेवणं. प्रत्येक कृतीनंतर लगेच अंक लिहिले, तरच दोन्ही जोडले जातात.

आणि घाई नको. केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' अभियानात पहिलीत ९९ पर्यंत, दुसरीत ९९९ पर्यंत आणि तिसरीत ९९९९ पर्यंत संख्या वाचता-लिहिता याव्यात, असं उद्दिष्ट आहे. दशक कच्चा राहिला तर पुढे शतक, हजार, दशांश अपूर्णांक असं सगळंच पाठांतरावर चालतं.

घरी कसं तपासाल?

खराट्याच्या काड्या किंवा आईस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड पुरेत. मुलाला २४ काड्या मोजायला सांगा आणि कागदावर २४ लिहून घ्या. मग २ वर बोट ठेवून विचारा, 'एवढ्या काड्या दाखव.' त्याने दोनच काड्या उचलल्या, तर रागावू नका. वीस काड्या त्याच्यापुढे ठेवा आणि गठ्ठे त्यालाच बांधू द्या.