ऑफलाइन वेब अनुप्रयोगांतील संचिका-वाचन व लेखन

इंटरनेटची जोडणी नसतानाही न्याहाळकात (ब्राउझरमध्ये) चालणाऱ्या अनुप्रयोगाने वापरकर्त्याच्या संगणकावरील संचिका (फाइल) उघडणे, तिच्यातील मजकूर वाचणे व बदललेला मजकूर पुन्हा साठवणे, या क्रियांना ऑफलाइन वेब अनुप्रयोगांतील संचिका-वाचन व लेखन असे म्हणतात. संकेतस्थळावरून आलेली आज्ञावली परकी मानली जाते. त्यामुळे न्याहाळक तिला डिस्कवर मुक्त संचार करू देत नाही. वापरकर्त्याने स्वतः निवडून दिलेल्या संचिकेलाच ती हात लावू शकते.

साठवण कोठे होते?

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा, आणि सर्वांत दुर्लक्षित, भेद येथे आहे. समजा, नागपुरातील कळमना येथील पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्डात एखादा अडत्या मिरचीची आवक, वजन, भाव, हमाली व तोलाई यांची नोंद अशा अनुप्रयोगात करतो. जोडणी तुटली तरी नोंदी चालू राहतात, कारण अनुप्रयोगाची पाने 'सर्व्हिस वर्कर' या यंत्रणेने आधीच साठवलेली असतात आणि नोंदी 'इंडेक्स्डडीबी' या न्याहाळकाच्या अंतर्गत कोठारात जातात. मात्र हे कोठार म्हणजे संचिका नव्हे. ते फोल्डरात दिसत नाही, पेन ड्राइव्हवर उचलून नेता येत नाही, आणि न्याहाळकातील 'साइट डेटा पुसा' हा पर्याय वापरताच दिवसभराच्या नोंदींसह नाहीसे होते. डिस्कवरील जागा संपत आल्यास न्याहाळक ते आपणहून रिकामे करू शकतो. अ‍ॅपलच्या सफारीने 2020 पासून, सात दिवसांच्या वापरात ज्या संकेतस्थळाशी वापरकर्त्याचा संबंध आला नाही त्याची अशी साठवण पुसण्याचे धोरण स्वीकारले. होम स्क्रीनवर बसवलेल्या अनुप्रयोगांना त्यातून वगळले आहे. कोठार कायम ठेवण्याची विनंती अनुप्रयोगाला करता येते, परंतु ती मान्य होईलच असे नाही. हिशोबपट्टीसारखा दस्तऐवज म्हणूनच अंतर्गत कोठारावर न सोडता खऱ्या संचिकेत उतरवणे आवश्यक ठरते.

वाचन

'फाइल एपीआय' या मानकाचा पहिला मसुदा डब्ल्यू3सीने 2009 मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार वापरकर्ता संचिका निवडतो अथवा ओढून पानावर सोडतो आणि आज्ञावली ती स्मृतीत वाचते. संचिका कोणत्याही सर्व्हरकडे पाठवण्याची गरज नसते, त्यामुळे ही क्रिया जोडणीविना पूर्ण होते. निवडलेल्या संचिकेचे नाव आज्ञावलीला कळते, डिस्कवरील तिचा पूर्ण मार्ग मात्र कळत नाही.

लेखन

लेखनाचा मार्ग पुष्कळ उशिरा मोकळा झाला. दीर्घकाळ एकच सोय होती: मजकूर 'डाउनलोड' म्हणून वापरकर्त्याच्या हाती देणे. यात मूळ संचिका बदलत नाही. प्रत्येक वेळी नवी प्रत तयार होते आणि फोल्डरात क्रमांक लावलेल्या प्रतींची रांग लागते. 'फाइल सिस्टिम अ‍ॅक्सेस' या सुविधेने ही अडचण दूर केली. ती क्रोमच्या 86व्या आवृत्तीत, ऑक्टोबर 2020 मध्ये, सर्वांसाठी खुली झाली. वापरकर्त्याने परवानगी दिल्यास अनुप्रयोग त्याच संचिकेत लिहू शकतो. लेखन आधी तात्पुरत्या संचिकेत होते व ते पूर्ण झाल्यावरच मूळ संचिकेची जागा घेते. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी जुना मजकूर शाबूत राहतो. न जतन केलेली नवी भर मात्र जाते.

या सुविधेस मोझिलाने विरोध केला. एका परवानगीवर संपूर्ण फोल्डर परक्या आज्ञावलीच्या हाती जाऊ शकते, हा आक्षेप निराधार नाही. खंडणीखोर आज्ञावली हाच मार्ग वापरून संचिका कुलूपबंद करू शकते. फायरफॉक्सने 2023 मध्ये केवळ संकेतस्थळाच्या खासगी, वापरकर्त्याला न दिसणाऱ्या संचिका-प्रणालीस आधार दिला. वर सांगितलेली उणीव तिने भरून निघत नाही.

पेन ड्राइव्हवरील पाने

सर्व्हरशिवाय, थेट डिस्कवरून उघडलेल्या पानांवर निर्बंध अधिक आहेत. तेथे सर्व्हिस वर्कर चालत नाही आणि शेजारची संचिकाही परकी समजली जाते. फायरफॉक्सने हा नियम 2019 मध्ये कडक केला. जेरेमी रस्टन यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेली 'टिडलीविकी' ही संपूर्ण वही एकाच एचटीएमएल संचिकेत मावते. फायरफॉक्समध्ये ती जागच्या जागी जतन करणारे पूरक साधन 2017 मध्ये, न्याहाळकाची रचना बदलल्यावर, बंद पडले.

देवनागरी मजकूर

न्याहाळक मजकूर वाचताना, वेगळे काही न सांगितल्यास, तो यूटीएफ-8 संकेतनातील आहे असे धरतो. या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते; 'कळमना' या शब्दातील चार अक्षरे व एक काना मिळून 15 बाइट होतात. युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेल्या जुन्या संचिका मात्र अशा अनुप्रयोगात उघडल्यास रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसतो, कारण त्या टंकांनी रोमन संकेतांवरच देवनागरी आकार बसवले होते. त्यांचे आधी रूपांतर करावे लागते. याउलट, अनुप्रयोगाने लिहिलेली सीएसव्ही संचिका एक्सेलमध्ये उघडताना मराठी नावे बिघडलेली आढळल्यास संचिकेच्या आरंभी 'बाइट ऑर्डर मार्क' हे 3 बाइटचे चिन्ह लिहावे. त्यावरून एक्सेल यूटीएफ-8 ओळखतो.